शहराची रात्र का तापते? – सातारा व सांगली यांच्या संदर्भात नागरी हवामानाचा विचार

हवामान ही वरून येणारी गोष्ट आहे, तीत आपला काही हात नाही, अशी सर्वसाधारण समजूत असते. पाऊस आला की छत्री उघडावी, ऊन वाढले की सावली धरावी, एवढेच आपल्या हाती. माणसाने सोडलेल्या वायूंमुळे साऱ्या पृथ्वीचे तापमान वाढत आहे हे आता सर्वमान्य झाले असले, तरी तीही गोष्ट आपल्याला दूरची वाटते. परंतु माणूस आणखी एका प्रकारे हवामान बदलीत असतो आणि तो प्रकार अगदी आपल्या दारातला आहे. शेत मोडून प्लॉट पडतात, ओढा बुजतो, मातीच्या रस्त्यावर डांबर येते, कौले उतरून स्लॅब पडतो; आणि त्याबरोबर त्या जागेचे हवामानही बदलते. असा बदल घडविण्यास मुंबईएवढे शहर लागत नाही.

या बदलाची कारणे कोणती, त्याचा अभ्यास कसा झाला आणि सातारा व सांगली या आपल्या दोन शहरांना तो कसा लागू पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखातील मुख्य मुद्दा असा की, शहर वाढले म्हणजे त्याच्या दुपारीपेक्षा त्याची रात्र अधिक बदलते. आणि हा बदल शहर लहान असतानाच सुरू होतो. म्हणून त्याचा विचारही शहर लहान असतानाच व्हावयास हवा.

१. या अभ्यासाचा आरंभ

नागरी हवामानाच्या अभ्यासाचा आरंभ लंडनमध्ये झाला असे मानले जाते. ल्यूक हॉवर्ड हे तेथील रसायने व औषधे तयार करणारे एक व्यावसायिक. ढगांची जी नावे आपण भूगोलाच्या पुस्तकात शिकतो – सिरस, क्युम्युलस, स्ट्रेटस – ती त्यांनीच प्रथम योजिली. त्यांनी लंडन शहरातील व शहराबाहेरील तापमानाच्या नोंदी शेजारी मांडल्या आणि १८१८ साली लंडनच्या हवामानावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्यांना असे दिसून आले की, शहराची रात्र बाहेरच्या भागापेक्षा सरासरीने ३.७ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २ अंश सेल्सिअस, अधिक उबदार असते. दिवसा मात्र शहर व बाहेरचा भाग यांत फारसा फरक नव्हता; उलट शहर किंचित थंडच होते. रात्र आणि दिवस यांतील हा भेद पुढील विवेचनात आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

पुढे १९२७ साली व्हिएन्ना येथे विल्हेल्म श्मिट यांनी मोटारीवर तापमापक बसवून शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नोंदी घेतल्या. अशा नोंदींवरून समताप रेषा काढल्या की नकाशावर शहर एखाद्या बेटाप्रमाणे दिसू लागते. सभोवार थंड शेतांचा ‘समुद्र’, उपनगरांशी चढत जाणारा ‘किनारा’ आणि दाट वस्तीच्या पेठेत ‘शिखर’. म्हणून या आविष्काराला ‘उष्णतेचे बेट’ किंवा ‘उष्माद्वीप’ असे नाव पडले.

आपल्याकडेही हा विषय अगदी नवा नाही. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले आणि पुणे हे या शास्त्राचे केंद्र बनले. पुणे व मुंबई येथील नागरी तापमान-क्षेत्रांवरील डॅनियल व कृष्णमूर्ती यांचा अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध झाला. पुण्याच्या झपाट्याने झालेल्या वाढीचा तेथील उष्णतेवर व आर्द्रतेवर काय परिणाम झाला, याविषयी वृषाली देवस्थळी यांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. आजही हिवाळ्यात पुण्यातील वेगवेगळ्या केंद्रांचे किमान तापमान वृत्तपत्रांत येते, तेव्हा पाषाण किंवा एनडीएचा परिसर आणि मगरपट्टा किंवा कोरेगाव पार्क यांत कित्येक अंशांचा फरक आढळतो. आकाश एकच, रात्र एकच, तरी कुणाला स्वेटर पुरत नाही आणि कुणी पंखा लावतो.

२. उष्णतेचे बेट कसे तयार होते?

याची कारणे पाच प्रकारची आहेत. ती समजण्यास घरातली उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले कारण म्हणजे पृष्ठभागाचे रंग व द्रव्य. उन्हाळ्यात भर दुपारी जमिनीच्या एका चौरस मीटरवर सुमारे हजार वॅट इतकी सौरशक्ती पडते. हिरवे गवत तिच्यातील पाचवा-चौथा हिस्सा परत फेकते. नुकते घातलेले काळे डांबर जेमतेम विसावा हिस्सा परत फेकते. बाकी सारी उष्णता ते स्वतःत मुरविते. चुन्याचा पांढरा हात दिलेली गच्ची मात्र आलेल्या उन्हाचा बहुतांश भाग माघारी पाठविते.

दुसरे कारण पाण्याचे आहे आणि ते सर्वांत महत्त्वाचे म्हणता येईल. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेते. उन्हाळ्याच्या संध्याकाळी आपल्या आया-आज्या अंगणात दहा लिटरची एक बादली पाणी शिंपडीत. त्यातील बरेचसे वाफ होऊन जाई आणि जाताना हजारो किलोकॅलरी उष्णता घेऊन जाई. झाड हेच काम दिवसभर पानांवाटे करीत असते. अंगणात फरशी बसली, झाड गेले, पावसाचे पाणी गटारातून थेट नदीस मिळू लागले, म्हणजे उन्हाला वाफ करण्यासाठी पाणीच उरत नाही. मग तीच उष्णता भिंती, रस्ते आणि हवा तापविण्याच्या कामी येते.

तिसरे कारण उष्णतेच्या साठ्याचे. काँक्रीट, दगड, वीट ही द्रव्ये दिवसा उष्णता साठवितात आणि सूर्य मावळल्यावर सावकाश सोडतात. स्लॅबच्या घरात राहणाऱ्यास हे सांगावयास नको; दुपारचे ऊन रात्री दहाला छतातून खाली उतरते. पत्र्याच्या घराची तऱ्हा वेगळी असते. पत्रा पातळ असल्यामुळे दिवसा भट्टीसारखा तापतो, पण रात्री लवकर निवतो. जुन्या वाड्याची दोन-अडीच फूट जाडीची भिंत इतकी सावकाश तापते की, दुपारचे ऊन आत पोचण्यापूर्वी रात्र झालेली असते. जत-आटपाडीकडच्या माळवदी घरांत छतावरील मातीचा थर हेच काम करतो.

चौथे कारण बांधणीचे. रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून थंड होते. मोकळ्या माळावर तिच्यासमोर सारे आकाश उघडे असते. दोन उंच इमारतींमधील बोळात मात्र आकाशाची एक पट्टीच दिसते. एका भिंतीने सोडलेली उष्णता समोरची भिंत घेते. त्याच भिंती वारा अडवितात, त्यामुळे तापलेली हवा बाहेर पडत नाही.

पाचवे कारण माणसाने प्रत्यक्ष निर्माण केलेली उष्णता. मोटारी, कारखाने, भट्ट्या, स्वयंपाकघरे यांची उष्णता हवेत मिसळते. वातानुकूलन यंत्र खोलीतील उष्णता बाहेर टाकते आणि यंत्र चालविण्यासाठी खर्चलेल्या विजेची उष्णताही तिच्यात मिळविते. म्हणजे एकाची खोली थंड होते तेव्हा शेजाऱ्याची खिडकी तापते.

या पाचही कारणांचा एकत्रित परिणाम सूर्यास्तानंतर ठळक होतो. दिवसा तापलेली हवा वर चढून मिसळत असते, त्यामुळे शहर आणि शेत यांतील हवेच्या तापमानाचा फरक फार उरत नाही. सूर्य मावळला की शेत झपाट्याने निवते, शहर मात्र साठविलेली उष्णता सोडीत राहते. म्हणून आकाश निरभ्र व वारा पडलेला असेल, अशा रात्रीच्या पूर्वार्धात हा फरक सर्वांत अधिक असतो. पावसाळी, वादळी रात्री तो जवळजवळ नाहीसा होतो.

३. लहान शहरांचा प्रश्न

‘हे सारे मुंबई-पुण्याचे झाले, आपल्या गावाला त्याचे काय?’ असा प्रश्न येथे कोणी विचारील. त्याचे उत्तर दोन अभ्यासांत मिळते.

कॅनडातील भूगोलज्ञ टिमोथी ओक यांनी १९७३ साली उत्तर अमेरिका व युरोपातील लहान-मोठ्या वस्त्यांची तुलना केली. त्यांना असे आढळले की, शहर व शेत यांतील कमाल फरक लोकसंख्येच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, तर तिच्या लॉगरिदमच्या प्रमाणात वाढतो. याचा साधा अर्थ असा की, एक हजार वस्तीचे गाव दहा हजारांचे होताना जेवढी भर पडते, तेवढीच भर पुढे दहा हजारांचे शहर एक लाखाचे होताना पडते. म्हणजे वाढीचा आरंभीचा टप्पाच हवामानाच्या दृष्टीने सर्वांत महागाचा असतो. आपल्या शहरांची बांधणी व ऋतू वेगळे असल्याने त्या देशांतील आकडे येथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण तत्त्व ध्यानात घेण्यासारखे आहे.

दुसरा अभ्यास अमेरिकेतील मेरीलँड राज्यातील कोलंबिया या नव्याने वसविलेल्या गावाचा आहे. गाव आकारास येत असतानाच हेल्मुट लँड्सबर्ग यांनी तेथे नोंदी ठेवल्या. १९६८ साली वस्ती हजाराच्या आसपास होती, तेव्हा गाव व शेत यांतील कमाल फरक सुमारे १ अंश सेल्सिअस होता. १९७४ पर्यंत वस्ती वीस हजारांवर गेली आणि हा फरक ७ अंशांपर्यंत पोचला. सहा वर्षांत घडलेला हा बदल आहे, आणि तोही आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढ्या वस्तीत.

२०११ च्या जनगणनेनुसार सातारा शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख २० हजार होती आणि सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेची पाच लाखांवर. तेव्हा ही शहरे लहान म्हणून या नियमातून सुटतील, असे मानण्यास आधार नाही.

४. दोन शहरे, दोन प्रकारच्या जागा

सातारा आणि सांगली दोन्ही कृष्णेच्या खोऱ्यातील शहरे. परंतु त्यांच्या जागा अगदी भिन्न आहेत. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर, डोंगराच्या कुशीत आहे. सांगली सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर, नदीकाठच्या सपाट काळ्या रानात आहे. उंचीतील दीडशे-दोनशे मीटरांच्या फरकाने तापमानात साधारण एक-सव्वा अंशाचा फरक पडतो, एवढे गणित आपण वर्गात करतोच. उरलेला फरक समजण्यास मात्र जागेची ठेवण पाहावी लागते.

प्रथम साताऱ्याचा विचार करू. शाहू महाराजांच्या काळी, १७०८ नंतर, येथे राजधानी आली आणि अजिंक्यताऱ्याच्या उत्तर पायथ्याशी पेठा वसत गेल्या. दक्षिणेस अजिंक्यतारा, पश्चिमेस यवतेश्वरचा डोंगर, उत्तरेस वेण्णा नदी आणि पूर्वेकडे उतरत जाणारे खोरे, अशी ही रचना आहे. निरभ्र रात्री डोंगरउतारावरील हवा थंड होऊन जड होते आणि उताराने खाली वाहू लागते. यालाच आपण पर्वतीय वारे म्हणतो. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या शहराला निसर्गाने लावून दिलेला हा पंखाच आहे. शिवाय जुन्या शहरात पाणी खेळविलेले होते. यवतेश्वरच्या बाजूने खापरी नळांनी आलेले पाणी पेठांतील हौदांत पडे. मोती तळे, मंगळवार तळे, फुटके तळे ही तळी वस्तीच्या मध्यात होती. वाड्याला चौक होता, परसात झाडे होती.

आता यात काय बदलते आहे ते पाहा. पंखा चालण्यासाठी दोन गोष्टी लागतात: उतारावर थंड हवा तयार होणे आणि ती खाली येण्यास वाट मोकळी असणे. डोंगरउतारावरील गवत-झाडी जाऊन तेथे बांधकामे झाली की पहिली गोष्ट बिघडते. पायथ्याशी उंच इमारतींची रांग उतारास आडवी उभी राहिली की दुसरी बिघडते. राजवाडा ते पोवई नाका हा दाट वस्तीचा पट्टा आणि त्यापलीकडे गोडोली, महामार्ग व औद्योगिक वसाहत यांकडे शहर पसरत आले आहे. २०२० साली नगरपालिकेची हद्द वाढवून शाहूपुरी, विलासपूर वगैरे भाग शहरात घेण्यात आले. म्हणजे डोंगराच्या पायथ्याचा बराच भाग आता नगरनियोजनाच्या कक्षेत आला आहे. हा धोकाही आहे आणि संधीही आहे; कारण जे हद्दीबाहेर होते त्यावर नगरपालिकेला बोलता येत नव्हते, आता येते.

सांगलीची स्थिती वेगळी आहे. अठराशे एकच्या सुमारास चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी येथे राजधानी केली. गणपती मंदिर, पेठ, बाजार हे सारे कृष्णेच्या काठाने वाढले. नदीमुळे शहराची वाढ पुढे पूर्वेकडे, विश्रामबाग व मिरजेच्या दिशेने झाली. १९९८ साली सांगली, मिरज व कुपवाड मिळून महानगरपालिका झाली. सांगली आणि मिरज यांमधील आठ-दहा किलोमीटरचे अंतर एके काळी शेतांचे होते. आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वस्ती जुळत आली आहे. पूर्वी दोन स्वतंत्र गावे होती आणि त्यांच्या मध्ये थंड होणारे रान होते. आता एक सलग पट्टा तयार होत आहे. रात्री हवा निवविणारे मधले रान गेले, हा त्यातील मुद्दा आहे.

सांगलीस डोंगराचा उतार नाही. रात्री वारा पडला की हवा हलविणारे दुसरे साधन जवळ नाही. म्हणून येथे पाणी व मोकळी जमीन यांचे मोल साताऱ्याहून अधिक आहे. कृष्णेचे पात्र व तिच्या काठची मळई, आमराई, काळी खण, मिरजेचा गणेश तलाव ही केवळ शोभेची स्थळे नसून शहराच्या श्वासाच्या जागा आहेत. गुंठेवारीने पडलेल्या वसाहतींत मात्र अशा जागांना वावच राहिला नाही. गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे, अरुंद रस्ते, भिंतीला भिंत, वर पत्रा किंवा स्लॅब. २००१ च्या कायद्याने अशी बांधकामे नियमित करण्याची सोय झाली आणि गरिबांच्या डोक्यावरील छप्पर टिकले, हे योग्यच झाले. परंतु जेथे झाड लावण्यास हातभर जमीन उरली नाही, तेथील उकाडा कायद्याने नियमित होत नाही.

५. तुलना कोणत्या रानाशी?

उष्णतेच्या बेटाचा विचार करताना एक प्रश्न सहज निसटतो. शहर गरम म्हणावयाचे ते कोणाच्या तुलनेत? मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी भारतातील ८४ नागरी भागांच्या पृष्ठतापमानाचा उपग्रहांच्या साहाय्याने अभ्यास केला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की, उन्हाळ्यातील दिवसा बहुसंख्य शहरे सभोवतालच्या रानापेक्षा थंड दिसतात. रात्री मात्र तीच शहरे गरम असतात. कारण उघड आहे. मार्च-एप्रिलनंतर पिके निघालेली असतात, रान उघडे व कोरडे पडते आणि दिवसा प्रचंड तापते. शहरात निदान काही झाडे, काही ओल असते.

आपल्या भागात हे प्रत्यक्ष पाहावयास मिळते. सांगली-मिरजेच्या भोवती कृष्णाकाठचा ऊस एप्रिलमध्येही हिरवा व ओला असतो. पूर्वेकडे कवठेमहांकाळ, जत किंवा साताऱ्याच्या बाजूस माण, खटाव येथे पाटाचे पाणी पोचत नाही तेथे उन्हाळ्यात काळी-मुरमाड उघडी जमीन असते. उसाच्या रानाशी तुलना केली तर सांगली दिवसाही गरम ठरेल. कोरडवाहू रानाशी केली तर दिवसा ती थंड ठरण्याचा संभव आहे. तेव्हा केवळ दुपारच्या कमाल तापमानाचा आकडा पाहून ‘आमचे शहर काही फार तापत नाही’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. शहराने केलेली करणी किमान तापमानात, म्हणजे रात्रीच्या आकड्यात, शोधावयास हवी.

६. पाऊस आणि पूर

शहराचा परिणाम पावसावरही होतो काय? अमेरिकेतील सेंट लुईस शहराभोवती १९७० च्या दशकात झालेल्या विस्तृत पाहणीत, वाऱ्याच्या दिशेने शहराच्या पलीकडील भागात उन्हाळी पाऊस वाढल्याचे दिसले. तापलेली हवा वर चढते व ढगांच्या वाढीस साहाय्य करते, हे त्याचे एक कारण. आंतरशासकीय हवामानबदल मंडळाच्या २०२१ च्या अहवालातही नागरीकरणामुळे शहरांवर व त्यांच्या वाऱ्याखालील भागांत पाऊस व वाहून जाणारे पाणी वाढते, असे नमूद केले आहे.

तथापि, येथे एक विवेक राखावयास हवा. २००५, २०१९ व २०२१ साली सांगलीने महापूर पाहिले. ते पाणी सांगलीवर पडलेल्या पावसाचे नव्हते. महाबळेश्वर, कोयना आणि सह्याद्रीच्या माथ्यावरील पाऊस नदीतून खाली आला होता. तेव्हा महापुराचे कारण शहराच्या उष्णतेत शोधणे चुकीचे होईल. मात्र वळवाच्या एका सरीने चौकात गुडघाभर पाणी साचते, त्याचा संबंध शहराच्या बांधणीशी निश्चित आहे. जी फरशी व जे डांबर पाणी मुरू देत नाही, तेच वाफेसाठी ओलही उरू देत नाही. तुंबलेला रस्ता आणि उकाड्याची रात्र ही एकाच कारणाची दोन फळे आहेत.

७. भार कोणावर पडतो?

दिवसभर उन्हात काम केलेल्या शरीराला रात्री निवण्याची गरज असते. रात्रही गरम राहिली तर झोप लागत नाही, हृदयावरील ताण उतरत नाही आणि दुसऱ्या दिवसाचे ऊन थकलेल्या शरीरावर पडते. भारतीय हवामान खाते कमाल तापमान ४० अंशांवर असताना किमान तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक वाढले, तर ‘उष्ण रात्र’ घोषित करते, ते यासाठीच. शिकागो येथे जुलै १९९५ मधील उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक माणसे दगावली. आपल्याकडे अहमदाबाद येथे मे २०१० मधील लाटेत एका महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू नोंदले गेले. त्यातून धडा घेऊन त्या शहराने २०१३ साली उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली. दक्षिण आशियातील अशी ती पहिली योजना होय. आधी सूचना देणे, दवाखाने सज्ज ठेवणे, पाण्याची सोय करणे आणि गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा लेप देणे, असे तिचे साधे स्वरूप आहे.

उष्णता सर्वांवर सारखी पडत नाही. मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारा हमाल, रस्त्यावर डांबर ओतणारा मजूर, पत्र्याखाली शिवणयंत्र चालविणारी बाई आणि त्याच पत्र्याखाली परीक्षेचा अभ्यास करणारा आपलाच सहाध्यायी यांच्या वाट्यास ती अधिक येते. ज्यांनी शहर तापविण्यात सर्वांत कमी हातभार लावला, तेच सर्वांत अधिक भाजतात. भूगोलाच्या या प्रश्नाला अर्थशास्त्राची व समाजशास्त्राची बाजू आहे ती ही.

८. काय करता येईल?

उपाय फार खर्चाचे नाहीत आणि बरेचसे आपल्या जुन्या वहिवाटीतलेच आहेत.

(अ) गच्चीला आणि पत्र्याला दर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा हात द्यावा. थोड्या खर्चात सर्वांत लवकर गुण देणारा उपाय हाच.

(आ) अंगण, शाळेचे आवार व पदपथ संपूर्ण फरशीबंद करू नयेत. झाडाच्या बुंध्याभोवती निदान चार फूट माती उघडी ठेवावी.

(इ) जुनी तळी, विहिरी व ओढे बुजवू नयेत. साताऱ्यातील तळी व सांगली-मिरजेतील खणी-तलाव यांचा शहराच्या विकास आराखड्यात हवामानाच्या दृष्टीनेही विचार व्हावा.

(ई) साताऱ्यात डोंगरउतार हिरवे ठेवून उताराच्या दिशेने हवेच्या वाटा मोकळ्या ठेवाव्यात. सांगलीत पूररेषेतील जमीन पुरासाठी मोकळी ठेवावी लागतेच. ती झाडीची व गवताची राखली, तर तीच शहराची रात्र निवविण्याच्याही कामी येईल. एका जमिनीचे दोन उपयोग होतील.

(उ) मोठे झाड तोडून त्याच्या बदल्यात दहा रोपे लावणे ही बरोबरी नव्हे. रोप झाड होईपर्यंत वीस-पंचवीस उन्हाळे जातात. मिरज तालुक्यातील भोसे येथे चारशे वर्षांचा म्हणून ओळखला जाणारा वड महामार्गाच्या कामात जाणार होता. २०२० साली लोकांनी आवाज उठविल्यावर रस्त्याची आखणी बदलण्यात आली. रस्ता वळू शकतो, हे त्या वेळी दिसून आले.

९. आपल्या महाविद्यालयांना करता येण्याजोगी पाहणी

शेवटी विद्यार्थी मित्रांपुढे व प्राध्यापकांपुढे एक सूचना मांडावीशी वाटते. श्मिट यांनी व्हिएन्नात जे केले, ते आज दोन तापमापक आणि एक दुचाकी एवढ्यावर करता येते. साताऱ्यात राजवाडा, पोवई नाका, गोडोली, महामार्ग व तेथून संगम माहुलीकडील शेते, असा मार्ग घेता येईल. सांगलीत गणपती पेठ, विश्रामबाग, मिरज व मिरजेपलीकडील रान, असा मार्ग घ्यावा. मार्च-एप्रिलमधील किंवा डिसेंबर-जानेवारीतील निरभ्र, वारा पडलेली रात्र निवडावी आणि सूर्यास्तानंतर दोन-तीन तासांनी निघावे.

काही पथ्ये पाळावी लागतील. निघण्यापूर्वी सर्व तापमापक एका ठिकाणी ठेवून त्यांतील फरक लिहून घ्यावा. नोंद जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर, गाडीच्या इंजिनाच्या झळेपासून दूर घ्यावी. कोरड्या पाऱ्याबरोबर ओल्या पाऱ्याचीही नोंद घ्यावी, म्हणजे आर्द्रता कळेल. ज्या मार्गाने गेलो त्याच मार्गाने परत येऊन दोन्ही वेळच्या नोंदींची सरासरी काढावी. नाहीतर रात्र वाढेल तशी होणारी घट ठिकाणांतील फरक म्हणून मोजली जाईल. साताऱ्यात उंचीच्या फरकासाठी दुरुस्ती करावी. सांगलीत शहराबाहेरची नोंद उसात व कोरड्या रानात, अशा दोन्ही ठिकाणी घ्यावी.

ही पाहणी एका वर्षाची न राहता दरवर्षी त्याच मार्गावर, त्याच पद्धतीने झाली तर तिचे खरे मोल कळेल. दहा वर्षांनी कोणत्या वसाहतीची रात्र किती बदलली, हे सांगणारा नकाशा आपल्या महाविद्यालयाजवळ असेल. आणि विकास आराखड्यावर हरकती व सूचना मागविल्या जातात तेव्हा भावनेबरोबर आकडेही पुढे ठेवता येतील.

मोसमी पाऊस कधी यावा हे ठरविणे आपल्या हाती नाही. परंतु गच्चीचा रंग, अंगणातील माती, वाटेतले झाड, गावातले तळे आणि डोंगराकडून येणाऱ्या हवेची वाट यांविषयी निर्णय आपणच घेत असतो. तो निर्णय नगरपालिकेच्या सभागृहात होतो, तसाच प्रत्येकाच्या दारातही होतो. सातारा आणि सांगली अजून अशा टप्प्यावर आहेत की, हे निर्णय शहाणपणाने घेतले तर पुढच्या पिढीला रात्रीची झोप तरी स्वस्थ मिळेल.